‘त्रास नाही ना?’ आणि ‘किती त्रास झाला?’

एरवी आम्ही लिहितो ते अडवलेल्या शिष्यवृत्तीवर, दुसरीकडे वळवलेल्या निधीवर, वस्तीपर्यंत न पोहोचलेल्या रस्त्यावर. आज लिहिणार आहोत ते दंडात घ्यायच्या इंजेक्शनवर. काही तरुण मित्र म्हणतील, काकांचे वय झाले, आता दुखण्याखुपण्यावर लिहू लागले. म्हणू द्या. गेली तीन वर्षे मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अॅलर्जी ओपीडीत आम्ही बाही वर करून बसत आलो आहोत. आधी दर गुरुवारी, आता महिन्यातून एकदा. तिथे जे पाहिले त्यावरून आम्हाला आपल्याच चळवळीतल्या एका सवयीशी भांडायचे आहे.

वादाला सुरुवात झाली टपरीवर. आमचे एक जुने सहकारी आहेत, नामांतराच्या लढ्यात आम्ही एकाच कोठडीत होतो. त्यांना आम्ही सहज म्हणालो, “तिथला स्टाफ फार चांगला आहे हो.” ते एकदम तापले. “चांगला म्हणजे काय? पगार घेत नाहीत का? लस तुम्हाला बाहेरून विकत आणायला लावतात, आणि तुम्ही त्यांच्या हसण्याचे कौतुक करता? हसणे हा काय उपचार आहे?”

त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. चहा संपला, ते लोकल पकडायला निघून गेले. त्यांचा प्रश्न मात्र आमच्याकडेच राहिला.

ज्यांना हा उपचार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ज्या गोष्टीची अॅलर्जी आहे तिचाच अर्क अत्यंत अल्प प्रमाणात कातडीखाली टोचायचा, हळूहळू मात्रा वाढवायची आणि शरीराला त्या गोष्टीची सवय लावायची. लिओनार्ड नून आणि जॉन फ्रीमन या दोन डॉक्टरांनी लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये गवताच्या परागकणांवर हे काम केले, ते १९११ साली छापून आले. म्हणजे पद्धत शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. सुरुवातीचे काही महिने आठवड्याला एक इंजेक्शन, मग महिन्याला एक, असे तीन ते पाच वर्षे चालते. आमच्या बाबतीत कातडीवर थेंब टाकून, सुईने टोचून चाचणी झाली तेव्हा दोन ठिकाणी गांधी उठल्या. एक, धुळीतल्या माइट नावाच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांची. दुसरी, झुरळाची. डॉक्टर निकाल वाचत होते आणि आम्हाला हसू आले. ज्यांच्याबरोबर अख्खे बालपण दहा बाय बाराच्या खोलीत काढले, त्यांनीच असा दगा द्यावा!

या उपचारात एक धोका आहे आणि या लेखाचा सगळा मुद्दा त्या धोक्यात आहे. ज्याची अॅलर्जी आहे तेच टोचायचे, म्हणजे कधीतरी सगळे शरीर एकदम उलटू शकते. अंगावर गांधी येतात, घसा आवळतो, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. क्वचित होते, पण होते तेव्हा मिनिटांचा खेळ असतो. म्हणून इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहायचे, घरी जायचे नाही. आणि म्हणून प्रत्येक वेळी सुई टोचण्याआधी पेशंटला विचारावे लागते: मागच्या वेळी काय झाले? किती सुजले? रात्री दम लागला का? ताप आहे का? त्या उत्तरांवर आजची मात्रा ठरते. वाढवायची, तीच ठेवायची, कमी करायची की आज द्यायचीच नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीत यातले काहीच लिहिलेले नसते. ते फक्त पेशंटच्या तोंडून कळते.

पहिल्या दिवशी आम्ही गेलो ते कार्यकर्त्याच्या थाटात. खिशात संघटनेचे लेटरहेड, चेहऱ्यावर ‘आम्हाला ओळखत नाही का’ असे भाव. सरकारी दवाखान्यात आवाज चढवल्याशिवाय काम होत नाही हे आम्ही तीस वर्षे लोकांना शिकवले आहे, आणि ते खोटे नव्हते. त्यामुळे खिडकीवरचा आवाज घेऊनच आम्ही इंजेक्शनच्या खोलीत शिरलो. सिस्टरने वर पाहिले आणि म्हणाली, “काका, दमलेले दिसता. चार जिने चढून आलात ना? लिफ्ट बंद आहे आज. आधी बसा, दम खाली बसू दे, मग फुंकायला देते.” आमचे सगळे भाषण तिथेच राहिले.

फुंकायला म्हणजे पीक फ्लो मीटर. प्लास्टिकची नळी असते, जोराने फुंकले की काटा सरकतो आणि छाती किती मोकळी आहे ते कळते. तीनदा फुंकायचे, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. दर पेशंटला तोंडाकडचा कागदी तुकडा नवा. पहिल्यांदा आम्ही कसेबसे फुंकले तर म्हणाली, “मोर्च्यात घोषणा देता तसं द्या की!” आमच्या खिशातले पेन आणि बिल्ला तिने पाहिला होता.

या फुंकण्यावरून आम्हाला नेहमी एक थर्मामीटर आठवतो. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरमध्ये ‘यंग इंडिया’त छापून आले होते, ते बाबासाहेबांनी घेतले. बायको बाळंत झाली, दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. बऱ्याच विनवण्यांनंतर आला तो वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तिथवर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि परत त्याच वाटेने मागे. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात आकडा वाचला, न्यूमोनिया म्हणाला आणि गेला. बाई वाचली नाही. तरुणांनी हे प्रकरण मुळातून वाचावे. आम्ही महाविद्यालयात असताना वाचले नव्हते, कारण ते पुस्तकरूपाने आले तेच १९९० साली.

आता कोणी म्हणेल, कुठे काठियावाड आणि कुठे तुमची ओपीडी, शंभर वर्षे लोटली. लोटली खरी. पण आमच्या आजीने मरेपर्यंत डॉक्टरसमोर पदर तोंडाला लावून, दोन पावले मागे उभे राहूनच दुखणे सांगितले. तिला कोणी मागे सरक म्हणाले नव्हते. ती आपणहून सरकायची. आमच्या आईचेही थोडे तसेच होते. आणि आमच्या त्या चढ्या आवाजात काय होते? आता वाटते, तेही मागे सरकणेच होते, फक्त उलट्या दिशेने. कोणी आपल्याला लांब ठेवण्याआधी आपणच लांबून ओरडायचे.

सिस्टर दंडाची मागची बाजू चिमटीत धरते, बारीक सुई, अर्धे मिनिट. आमच्या दंडावर अनोळखी माणसाचा हात दर गुरुवारी सहजपणे पडला. ते तिच्या ध्यानीमनीही नसेल. असू नयेच.

तिने आणखी एक गोष्ट केली, बहुधा नकळत. आपल्याकडे ओपीडीत नाव पुकारतात म्हणजे आडनाव पुकारतात. महाराष्ट्रात आडनाव म्हणजे मोठ्याने वाचलेला जातीचा दाखलाच. पुकारा झाला की बाकावरच्या दोन-चार माना वळतात. ही पुकारायची ती “विलेपार्ल्याच्या ताई”, “ड्रायव्हरदादा”, “अकरावीवाली”, “चेंबूरचे काका”. हे पुरोगामी धोरण वगैरे काही नव्हते. केसपेपरवरच्या डॉक्टरांच्या अक्षरातली आडनावे तिला लागत नाहीत, असे ती स्वतःच सांगायची. कारण काहीही असो. बाकावर एक गृहस्थ होते, दर वेळी “मूळ गाव कुठले?” इथून सुरुवात करून आडनावाकडे सरकायचे. तीन महिने आम्ही त्यांना गावाच्या नदीपर्यंतच आणून सोडले.

छापील सूचनांचा किस्सा तर सांगायलाच हवा. अॅलर्जीच्या पेशंटला घरी काय करायचे त्याचा एक इंग्रजी कागद देतात. गालिचे काढून टाका. जड पडदे नकोत. एसीचा फिल्टर धुवा. सॉफ्ट टॉइज पलंगावर ठेवू नका. आम्ही तो कागद हातात धरून बसलो होतो. सिस्टरने तो परत मागून घेतला, चार ओळींवर सरळ काट मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहून दिले: वाकळ आणि गादी दर आठवड्याला कडक उन्हात. चादरी उकळत्या पाण्यात. ओल आलेल्या भिंतीला टेकून झोपू नका. रात्री खरकटी भांडी ठेवू नका, मोरीच्या जाळीवर वाटी पालथी घाला, झुरळ तिथूनच येते. घर झाडताना तुम्ही बाहेर उभे राहा, किंवा फडके ओले करून पुसा. आमचे घर तिने पाहिले नव्हते. पत्ताही विचारला नव्हता. “माझ्याही घरात गालिचा नाही,” एवढेच म्हणाली. लसीची बाटली दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. आमच्याकडे फ्रिज आहे, पण वस्तीतली वीज आपल्या मर्जीची. म्हणून बऱ्याच जणांच्या बाटल्या तिने विभागाच्या फ्रिजमध्येच ठेवून घेतल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर पेनाने खूण.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ती विचारायची कशी? “काका, मागच्या वेळी किती सुजलं? चार आण्याएवढं, रुपयाएवढं की लिंबाएवढं? रात्री किती वेळा उठलात?” या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तरच देता येत नाही. काहीतरी मोजून सांगावे लागते. आम्ही एकदा “पाच रुपयांच्या नाण्याएवढं” म्हणालो तर विचारते, “जुनं जाड की नवीन?” बाकावरचे सगळे हसले. पण वहीत तिने नीट लिहिले आणि त्या दिवशी मात्रा वाढवली नाही. बाकावरची मंडळी एकमेकांचे दंडही पाहू लागली. विलेपार्ल्याच्या ताई आम्हाला फोन करून विचारायच्या, “तुमचं उतरलं का हो?”

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातला एक गुरुवार. सिस्टर रजेवर होती, भावाचे लग्न होते. तिच्या जागी दुसऱ्या वॉर्डातून एक सिस्टर आली होती. तापाचा हंगाम, बाहेर जिन्यापर्यंत रांग. तिने मान वर न करता विचारले, “काही त्रास नाही ना?”

बघा, या प्रश्नात उत्तर आधीच भरून ठेवलेले आहे. पेशंटने फक्त सही करायची. आणि आम्ही, ज्यांनी कलेक्टरला अडवून प्रश्न विचारले आहेत, आम्ही मान हलवली. नाही. खरे तर आदल्या रात्री छाती भरली होती, दोनदा उठून पंप घेतला होता. मागच्या गुरुवारची सूज लिंबापेक्षा मोठी होती. पण मागे रांग होती, ती बाई वैतागलेली होती आणि आजी ज्या जागेवर उभी राहायची त्या जागेवर आम्ही आपोआप जाऊन उभे राहिलो. फुंकण्याची नळी कोणी पुढे केली नाही, आम्ही मागितली नाही. इंजेक्शन झाले.

दहा-बारा मिनिटांनी तळहात खाजू लागले. मग कान गरम. दोन-तीन शिंका. आम्ही गप्प. उगीच कशाला गोंधळ, पावसाळ्यात शिंका येणारच. घशात काहीतरी अडकल्यासारखे झाले तरी पाणी प्यायलो आणि गप्पच.

ओपीडीच्या दाराशी एका स्टुलावर सफाईच्या मावशी बसतात. झाडू-पोछा झाला की पेशंटना आत सोडणे, केसपेपर नेऊन देणे, कोणी उलटी केली तर पुसणे, असे सगळे त्यांच्याकडे. त्या आमच्याकडे बघत होत्या. उठल्या, जवळ आल्या आणि म्हणाल्या, “काका, कान लालबुंद झालेत तुमचे. तोंड सुजतंय. उठू नका.” आणि मग दारातून आत असा आवाज दिला की अख्खी रांग वळली. “सिस्टर! रिअॅक्शन!”

पुढचे तुकड्या-तुकड्याने आठवते. त्याच वैतागलेल्या सिस्टरने आम्हाला आडवे केले, पाय वर घेतले आणि ट्रेमधले अॅड्रेनॅलिन भरून मांडीच्या बाहेरच्या बाजूला दिले. तिचा हात जराही थरथरला नाही. मग ऑक्सिजन, धावत आलेले निवासी डॉक्टर, रक्तदाबाचा पट्टा. पाच-सात मिनिटांत घसा सुटला. आम्हाला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले. चारच्या सुमारास ती सिस्टर येऊन पलंगाच्या कडेला बसली. रात्रपाळी करून ती थेट या ओपीडीत उभी केली गेली होती. म्हणाली, “सांगायचं होतंत ना मला, रात्री दम लागला म्हणून.” आम्ही म्हणालो, “तुम्ही विचारलं नाहीत.” ती म्हणाली, “विचारलं की.” दोघांचेही खरे होते.

आमच्या त्या सहकाऱ्यांना आमचे उत्तर इथून सुरू होते. हसणे हा उपचार नाही, कबूल. पण या खोलीत ज्याला तुम्ही हसणे म्हणता तो मात्रा ठरवण्याचा भाग आहे. घाबरलेला किंवा संकोचलेला पेशंट खोटे बोलतो आणि त्या खोट्यावर सिरिंज भरली जाते. जो समाज पिढ्यान्‌पिढ्या ‘काही त्रास नाही’ म्हणायला शिकला आहे, त्याच्याकडून खरे उत्तर काढायचे तर बसायला सांगावे लागते, नाण्यांची मापे द्यावी लागतात, मोर्च्याची थट्टा करावी लागते. याला वेळ लागतो आणि वेळ म्हणजे माणसे. एका ओपीडीला एकच सिस्टर ठेवायची, तीही रात्रपाळी संपवून आलेली, आणि मग ती नीट बोलत नाही म्हणून तक्रार करायची, हा कोणता न्याय? ती वैतागलेली सिस्टर मनाने वाईट नव्हती. तिच्याकडून माणुसकीने वागण्याची सवडच काढून घेतलेली होती.

दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. या आधी सहा महिने एका खासगी दवाखान्यात गेलो होतो. तिथे काउंटरवरची मुलगी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायची, खुर्ची मऊ, पाण्याची बाटली. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे पॅकेज होते. आम्ही हप्ते मागितले त्या दिवशी गुड मॉर्निंग बंद झाले. त्या मुलीला दोष देत नाही, तिला तसे शिकवलेले. सहकाऱ्यांचा राग अशा हसण्यावर असेल तर आम्ही त्यांच्या बाजूने आहोत. आणि लस बाहेरून आणावी लागते हा अन्यायच आहे, त्यावर निवेदन द्यायलाच हवे. आमची पहिली सही.

पण आम्हाला आणखी चिडवणारी गोष्ट वेगळी आहे. बाकावर सगळे म्हणतात, “सिस्टरचा स्वभावच तसा गोड.” स्वभाव म्हटले की हिशोब मिटला. स्वभावाला पगार द्यावा लागत नाही, प्रशिक्षण द्यावे लागत नाही, सिस्टर रजेवर गेली की स्वभावही रजेवर. तिची वही आम्ही पाहिली आहे. प्रत्येक पेशंटचे पान, कुठला हात, किती सूज, घरी कोण, कामाला कुठे. अकरावीवालीची परीक्षा कधी, तेही लिहिलेले, कारण परीक्षेच्या आठवड्यात ती जागरण करते आणि दमा वाढतो. हे शिकलेले, कमावलेले काम आहे. बदलीच्या सिस्टरला ती वही कोणी दाखवली नव्हती. टेबलाच्या खणात होती.

आणि मावशींचे काय? त्यांना तर कोणी शिकवलेही नव्हते. स्टुलावर बसून चार वर्षे त्यांनी माणसांचे चेहरे पाहिले आणि कोणाचे कान लाल झाले की काय होते हे आपले आपण टिपले. रुग्णालयाच्या हिशोबी त्या ‘स्टाफ’ही नाहीत. गळ्यातल्या ओळखपत्रावर ठेकेदाराच्या कंपनीचे नाव मोठे, त्यांचे बारीक. त्यांचे आडनाव काय, हे इथे लिहीत नाही. वाचणाऱ्यांना अंदाज आहे. झाडूच्या जागांवर आपल्या लोकांना आरक्षण मागावे लागले नाही, ते न मागताच शंभर टक्के मिळालेले आहे.

बरे वाटल्यावर आम्ही ठरवले, पत्र लिहायचे. आयुष्यात शेकडो निवेदने लिहिली, सगळी कोणाच्या तरी विरोधात. कोणाच्या बाजूने लिहायला बसलो तर पहिले वाक्यच जमेना. ‘आपणास कळविण्यात येते की’ याच्या पुढे ‘तीव्र निषेध’ हेच हाताला येते. ओपीडीच्या भिंतीवर तक्रारपेटी आहे, कुलूपबंद. दुसरी पेटी नाही. शेवटी अधीक्षकांच्या नावे पानभर पत्र झाले. मावशींची सतर्कता, त्यांचे प्रसंगावधान, त्यांची माणुसकी, सगळे आले. सिस्टरच्या वहीबद्दल एक परिच्छेद, अशी वही प्रत्येक ओपीडीत असावी म्हणून. बदलीच्या सिस्टरच्या सलग पाळ्यांबद्दल दोन ओळी. आवक विभागात दिले, शिक्का आणि क्रमांक घेतला आणि झेरॉक्स घेऊन पुढच्या गुरुवारी ओपीडीत गेलो.

सिस्टर लग्नावरून परतली होती. आमची सगळी हकीकत तिला कळलेली. तिने आधी तीनदा फुंकून घेतले, मात्रा बरीच खाली आणली आणि म्हणाली, “काका, पुन्हा कोणी नुसतं ‘नाही ना’ विचारलं तर म्हणायचं, आधी वही काढा.” मग आम्ही बाकावर येऊन बसलो आणि मावशींना हाक मारली. पत्र वाचून दाखवले. थोडे भाषणासारखेच वाचले, सवय जात नाही. ड्रायव्हरदादांनी टाळी वाजवली. मावशी पदराने हात पुसत ऐकत होत्या. संपल्यावर विचारले, “यात पीएफचं लिवलं का?”

आम्ही म्हणालो, “कसला पीएफ?”

“पगारातनं कापत्यात. चार वर्सं झाली. भरला का न्हाय कोन सांगत न्हाय. आता मार्चला ठेका संपतोय, नवीन ठेकेदार येनार. जुना पळाला की कुनाला इचारायचं? तुमी लिवताय तर त्ये लिवा की. बाकीचं छान हाय.”

मित्रहो, आमच्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे आणि खाली आम्हीच लिहून ठेवले आहे की १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. दर १४ एप्रिलला आम्ही त्यावर अर्धा तास बोलतो. आणि जिने आमचा जीव वाचवला तिच्यासाठी पानभर लिहिताना आम्ही तिला गुणपत्रक दिले, जसे साहेब देतात तसे. तिचा पगार किती, कापतात किती, पावती मिळते का, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. ती आमच्या कानांकडे बघत होती. आम्ही तिच्या गळ्यातल्या पट्टीवरचे नाव वाचून थांबलो होतो.

सहकारी हे वाचतील तेव्हा म्हणतील, बघा, मी सांगत होतो. सांगत होते खरे. पण पूर्ण नाही. मावशींनी आमचे कान पाहिले नसते तर आम्हाला त्यांच्या पीएफविषयी कळायला आम्हीच उरलो नसतो.

इंजेक्शननंतरचा अर्धा तास बाकी होता. विलेपार्ल्याच्या ताईंनी पर्समधून वहीचे पान फाडून दिले. अकरावीवालीने मोबाइलवर भविष्यनिर्वाह निधीची पासबुक कशी बघतात ते शोधून काढले. त्यासाठी आधी बारा आकडी यूएएन क्रमांक लागतो आणि तो मावशींना कधी दिलेलाच नव्हता. मग पत्रात पहिली मागणी तीच टाकली: सर्व कंत्राटी सफाई कामगारांचे यूएएन क्रमांक त्यांना लेखी द्यावेत. दुसरी, मार्चआधी जुन्या ठेकेदाराने भरलेल्या रकमेचा हिशोब लावावा, कारण ठेकेदाराने भरले नाही तर ठेका देणाऱ्या संस्थेवर जबाबदारी येते. तिसरी, नव्या ठेक्यात याच कामगारांना कायम ठेवावे. “नावं किती जणींची घालायची?” आम्ही विचारले. मावशी म्हणाल्या, “थांबा, आनते.” आणि स्टूल तसेच सोडून बाराव्या वॉर्डाकडे गेल्या.

आतून सिस्टरने हाक मारली, “चेंबूरचे काका, वीस मिनिटं झाली. दंड दाखवा.” आम्ही उठलो. पान ड्रायव्हरदादांच्या हातात दिले. त्यांचे अक्षर बरे आहे.